फ्लॅट हा पालक नव्हे

"त्याची चिंता नाही, त्याच्या नावावर फ्लॅट करून ठेवला आहे." हे वाक्य आम्ही ओमानमधल्या मराठी घरांत किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. रुवीत ऐकले, अल खुवैरमध्ये ऐकले, सोहारला ऐकले. 'तो' म्हणजे घरातला मतिमंद मुलगा. कधी 'ती', सेरेब्रल पाल्सीमुळे चाकाच्या खुर्चीत बसलेली मुलगी. फ्लॅट असतो डोंबिवलीला, बदलापूरला, नाहीतर पुण्याच्या बाहेर कुठेतरी. आईबाप पंचवीस-तीस वर्षे परमुलखात राबतात, पै-पै जोडतात, हप्ते फेडतात, आणि किल्ल्या हातात आल्या की सुटकेचा निःश्वास टाकतात. आता डोळे मिटायला मोकळे!

आमचे म्हणणे असे की तो फ्लॅट त्या मुलाला तारीत नाही. पुष्कळदा तोच त्याच्या गळ्यातली धोंड होतो. फ्लॅट सकाळी उठवून तोंड धुऊन देत नाही, वेळेवर गोळी देत नाही, बँकेत सही करीत नाही, आणि कोणी त्या भोळ्या जीवाला फसवीत असेल तर आरडाओरडा करीत नाही. हे कडू आहे हे आम्हांला समजते. परंतु जे आईबाप आज कमावते आहेत, ज्यांच्या अंगात अजून बळ आहे, त्यांनाच ते सांगितले पाहिजे. नंतर सांगून उपयोग काय?

आम्ही म्हणजे कोण, हे वाचकांना कळावे. मराठी शाळेत शिकून, महाराष्ट्रात नर्सिंगचे शिक्षण घेऊन, ओमानच्या रुग्णालयांत उमेदीची वर्षे घालविलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या परिचारिका. आम्ही वकील नाही. पण आईबापांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी आम्ही उभ्या राहिलेल्या आहोत, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला त्यांचा तिशीतला मुलगा आम्ही पाहिलेला आहे. त्याला काय चालले आहे ते कळत नसते, आणि त्याला ते कोणी सांगतही नसते.

हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना पडला नव्हता, कारण अशी मुले आईबापांच्या आधीच जात. आम्ही प्रशिक्षण घेत होतो तेव्हा, 1980 च्या सुमारास, पुढारलेल्या देशांतसुद्धा डाउन सिंड्रोमच्या मुलाचे आयुर्मान सरासरी 25 वर्षांच्या आसपास धरीत. आज ते 60 च्या घरात गेले आहे. या मुलांतल्या जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. त्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, छातीच्या संसर्गावर औषधे आली, मुले घरात मायेने वाढू लागली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तिशीत आई झालेल्या बाईचा मुलगा साठ वर्षे जगणार असेल, तर त्याची शेवटची दहा-वीस वर्षे आईवाचून जाणार, हे गणित मांडायला पदवी लागत नाही. आणि चाळिशीनंतर डाउन सिंड्रोमच्या माणसांत विस्मृतीचा आजार इतरांपेक्षा फार लवकर शिरतो, म्हणजे सर्वांत जास्त शुश्रूषा लागते ती नेमकी तेव्हा.

ओमानचा आम्हांला राग नाही. त्या देशाने आम्हांला भाकरी दिली, मान दिला. ओमानी घरांत असे मूल असले की आत्या, मावश्या, चुलते असा मोठा गोतावळा त्याला सांभाळतो, आणि 2023 च्या सामाजिक संरक्षण कायद्याने सरकारही अपंग नागरिकाला दरमहा 130 रियाल देऊ लागले आहे. मात्र हे सर्व नागरिकांसाठी. आपण तेथे पाहुणे. दारसैतच्या इंडियन स्कूल मस्कतने विशेष मुलांसाठी वेगळा विभाग चालविला हे फार मोठे काम झाले, पण शाळा शेवटी शाळा. मूल मोठे झाले की तीही संपते. आपल्या मुलाचा निवास परवाना बापाच्या नोकरीला बांधलेला. वयात आलेल्या मुलाला कुटुंबाच्या परवान्यावर ठेवायचे तर वयाची मर्यादा आडवी येते आणि डॉक्टरांचे कागद घेऊन सवलत मागत फिरावे लागते. बापाची नोकरी गेली किंवा बाप गेला, की परवान्याचा पायाच गेला. अरबाब कितीही भला असला तरी तो सामान बांधायला थोडे दिवस देईल, जन्माची सोय देणार नाही. नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी मिळते. पूर्वीच्या कायद्याने पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी 15 दिवसांचा आणि पुढे दरवर्षी एक महिन्याचा मूळ पगार, आणि 2023 च्या कामगार कायद्याने दरवर्षी एक महिन्याचा. मूळ पगारावर, हे विसरू नये. त्या रकमेवर एखाद्याचे तीस वर्षांचे आयुष्य काढता येईल असे ज्यांना वाटते त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

एका कुटुंबाची हकीगत सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. 2020 साली करोनाने वडील गेले. 'वंदे भारत'च्या विमानाने आई आणि एकोणतीस वर्षांचा आत्ममग्न मुलगा मुंबईस परतले. मुलाने जन्मात मास्क लावला नव्हता. ते विमानातले तीन तास त्या माउलीने कसे काढले असतील ते तिचे तिला ठाऊक. डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्याच नावावर होता. त्यात भाडेकरू. भाड्याचा करार नवा करायचा तर मालकाची सही हवी. मालक कागदावर नुसत्या गोल-गोल रेघा ओढतो. बँकेने सांगितले, कायदेशीर पालक कोण त्याचा हुकूम आणा. आईला वाटे, मी आई आहे, आणखी कसला हुकूम? दोन वर्षांनी तीही गेली. भाऊ कॅनडात. चुलतभावाने आठ महिने सांभाळले, मनापासून सांभाळले, पण त्याच्या घरी म्हातारी माणसे आणि दोन खोल्या. आज तो मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत आहे, खर्च चुलतभाऊ आणि भाऊ मिळून भागवितात, आणि त्याच्या मालकीचा फ्लॅट कुलूपबंद आहे. सोसायटीची थकबाकी चढते आहे. विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. या हकिगतीत कोणीही चोर नाही, वाचकहो. सगळी भली माणसे आहेत, आणि तरीही असे झाले.

का झाले? कारण अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याने सज्ञान होते, मग त्याची बुद्धी चार वर्षांच्या पोराची का असेना. त्या दिवसापासून आईबापही त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ही साधी गोष्ट बहुतेक घरांना माहीतच नसते. मग लोक आपल्या मनाचे उपाय काढतात. कोणी मुलाचा अंगठा घेऊन मुखत्यारपत्र करून ठेवतो. ज्याला व्यवहार समजत नाही त्याने दिलेल्या मुखत्यारपत्राला काडीची किंमत नाही. कोणी स्वतःचे मुखत्यारपत्र भावाला देतो. ते देणारा मेला की त्याच क्षणी मरते, म्हणजे नेमके गरज लागते तेव्हा. कोणी नॉमिनी लावून निश्चिंत होतो. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसा कायदा त्याच्या वरचढ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. आणि कोणी काहीच करीत नाही. मृत्युपत्र नसले तर कायदा आपला वाटणी करतो. हिंदू घरात 1956 च्या कायद्याने, आपल्या यहुदी घरांत 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने, मुलाचा वाटा थेट मुलाच्या नावावर येऊन पडतो. म्हणजे पुन्हा तोच बंद फ्लॅट!

आता कायद्यात सोय नाही असे नाही. सोय आहे, आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहे. 1999 साली संसदेने नॅशनल ट्रस्टचा, म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला, तो आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. आईबापांच्या मृत्यूनंतर अशा व्यक्तीची काळजी आणि संरक्षण हे त्या कायद्याच्या उद्देशांतच लिहिलेले आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती, तिच्यात जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. कोर्टाची पायरी न चढता या समितीकडे अर्ज करून आईबाप आपल्या पसंतीच्या माणसाला सज्ञान मुलाचा पालक नेमून घेऊ शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या स्थावराची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. त्याने हयगय केली वा पैसा खाल्ला तर समिती त्याला काढू शकते. इतके सरळ आहे. मृत्युपत्रात 'माझ्या मागे अमका याचा पालक' असे लिहिण्याने मात्र कोणी पालक होत नाही. हुकूम समितीचाच लागतो. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असला तर हा कायदा लागू नाही. तेथे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्व मागावे लागते, जिल्हा न्यायालयाकडे किंवा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. (आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द गोड झाला, खिडकीपुढची रांग तीच राहिली.)

मग आपली माणसे हे का करीत नाहीत? कारण सुट्टी एक महिन्याची. त्या महिन्यात लग्ने, बारशी, फ्लॅटच्या कामाची पाहणी, सोन्याची खरेदी, देवदर्शन, सगळे बसते. सिव्हिल हॉस्पिटलात अर्धा दिवस काढून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढणे तेवढे बसत नाही. मस्कतच्या डॉक्टरांची जाड फाईल आमच्याकडे आहे, असे सांगतात. ती फाईल जिल्ह्याच्या खिडकीवर चालत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून पालकत्वाचा अर्ज नाही, म्हणूनच एक लाखाचा 'निरामय' विमाही नाही. वर्षांमागून वर्षे अशीच जातात, आणि बापाचा रक्तदाब वाढत राहतो.

दुसरे कारण याहून नाजूक आहे, पण बोलणे भाग आहे. घरात दुसरी मुलगी लग्नाची असते. समितीकडे अर्ज केला, चौकशीला माणूस आला, चार ठिकाणी बोलबाला झाला, तर स्थळे फिरतील! मग मोठ्या भावाला मंडळाच्या कार्यक्रमाला आणायचे नाही, फोटोत घ्यायचे नाही, विचारले तर 'त्याला बरे नाही' म्हणायचे. आम्ही स्पष्ट विचारतो: ज्या बहिणीच्या लग्नासाठी तुम्ही भावाला लपविता, उद्या तिच्याच गळ्यात तुम्ही त्याला घालणार आहात ना? मग तिच्या सासरच्यांना आजच सांगितलेले बरे की तुमच्या तेराव्याला?

आणि हे 'भाऊ बघेल, बहीण बघेल' तरी काय आहे? त्या भावाला कोणी बसवून विचारले आहे काय? त्याच्या बायकोला विचारले आहे काय? गल्फमधली आपली मुले शिकून अमेरिका-कॅनडाची वाट धरतात, आणि तसे व्हावे म्हणून आपणच त्यांच्या मागे लागलेले असतो. पालकाला भारताचे नागरिकत्व असावे लागते अशी न्यासाची अट आहे. म्हणजे ज्या दिवशी भावाने तिकडचा पासपोर्ट घेतला त्या दिवशी तुमची योजना कोसळली. इस्रायलात स्थायिक झालेल्या आणि भाचा-पुतण्या मुंबई-ठाण्यात असलेल्या आमच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 सालचा 'देवराई' पुष्कळांनी पाहिला असेल. आजारी भावाचा भार वाहणारी बहीण त्यात आहे. तो पाहून थिएटरात रडलेल्या लोकांनी घरी जाऊन आपल्या मुलीला काय विचारले, हे आम्हांला जाणून घ्यावेसे वाटते. बहीण-भावाने प्रेमाने लक्ष ठेवावे, येऊन-जाऊन असावे, हिशेब तपासावा. पण प्रेमावर चोवीस तासांची पाळी लावता येत नाही. आम्ही आयुष्यभर आठ-आठ, बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या आहेत, आणि पाळी संपल्यावर आम्ही घरी जात होतो. आईची पाळी संपतच नाही, म्हणून आई गेल्यावर तिच्या जागी एक माणूस पुरत नाही.

पैशाचे म्हणाल तर, तो मुलाच्या नावावर नव्हे, मुलाच्यासाठी ठेवावा. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 1882 च्या विश्वस्त कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो: मालमत्ता विश्वस्तांच्या हाती, लाभ मुलाचा, कशावर खर्च करायचा ते आईबापांनी हयातीत लिहून दिलेले. स्थावर असेल तर तो दस्त नोंदवावा लागतो. विश्वस्त एकच नको, तीन असावेत, आणि जो मुलाला सांभाळतो त्याच्या एकट्याच्या हाती तिजोरी नसावी. चांगल्या माणसालाही मोहाच्या वाटेवर एकटे सोडू नये. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तर आणखी एक कलम आहे, अकरावे. कोणीही मृत्युपत्राने जंगम मालमत्ता न्यासाला द्यावी, आणि त्यात लाभार्थी म्हणून मुलाचे नाव घातले असेल तर त्याच्या योग्य राहणीची व्यवस्था करणे न्यासाच्या मंडळावर बंधनकारक आहे! दिलेली सगळी रक्कम त्या एकट्यावरच खर्च करण्याचे बंधन मात्र मंडळावर नाही, हेही तेथेच लिहिले आहे. आम्ही म्हणतो, हे कलम कागदावर का निजले आहे? गल्फमधून दरवर्षी कोट्यवधी रुपये पाठविणाऱ्या आईबापांपुढे सरकारने याची साधी, ठरलेल्या दराची योजना का मांडू नये? सिंगापूरने 2008 साली अशाच कुटुंबांसाठी स्पेशल नीड्स ट्रस्ट कंपनी काढली. आईबाप निधी ठेवतात, कंपनीचा माणूस त्यांच्याबरोबर बसून मुलाच्या गरजांचा आराखडा लिहून घेतो, आणि पैसा सरकारी विश्वस्त सांभाळतो. आपल्याकडे कायदा त्याच्या नऊ वर्षे आधीच झाला होता.

आता संस्थेचा विषय. 'संस्थेत टाकणार?' असे विचारताना लोक 'टाकणार' हाच शब्द वापरतात, त्यातच सगळे आले. ही भीती खोटी नाही. पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार 2011 साली उघडकीस आले, ते वाचून आमच्याही घशाखाली घास उतरला नव्हता. परंतु त्यातून घ्यायचा तो धडा 'संस्था नको' हा नव्हे. ज्या घराच्या दारातून रोज आईबाप, भाऊ-बहिणी, डॉक्टर, शेजारी आत-बाहेर करीत नाहीत ते घर धोक्याचे, मग पाटी बालगृहाची असो की काकाच्या नावाची. पालकांनीच एकत्र येऊन चालविलेली घरे महाराष्ट्रात आहेत. बदलापूरला 'आधार' आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी 1977 साली 'प्रबोधिनी' सुरू केली ती स्वतःच्या मुलावरून. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस अपंग मुलांना आपले नाव दिले आणि 'अठरा वर्षे झाली की बालगृहाबाहेर' हा नियम या मुलांना लावू नका म्हणून सरकारदरबारी खेटे घातले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री देऊन टाळ्या वाजविणे सोपे आहे. अशा घरांतल्या जागा थोड्या आणि वाट पाहणारे पुष्कळ, हे आज सुखात असलेल्या प्रत्येक आईबापाने आजच विचारून पाहावे.

आणि जागा मिळाली तर मुलाला तेथे तुमच्या हयातीतच राहायची सवय लावा. पहिल्या वर्षी आठ दिवस, पुढे महिना. परिचारिका म्हणून सांगतो, एकाच आठवड्यात आई गेली आणि घरही गेले, असे ज्या मुलाचे होते तो खाणे सोडतो, झोप सोडतो, स्वतःला मारून घेतो, आणि मग त्याला गुंगीच्या गोळ्या सुरू होतात. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याला दुःख होत नाही असे थोडेच आहे? त्याला विचारावेसुद्धा. हसू नका! इस्रायलमध्ये 1962 च्या पालकत्व कायद्यात 2016 साली बदल झाला, तो याच दिशेने, की माणसाच्या वतीने निर्णय घेण्याआधी त्याला निर्णयात मदत देता येते का ते पाहावे. ज्या मुलाला कुठली भाजी आवडत नाही ते सांगता येते, त्याला कुठल्या खोलीत झोपायचे तेही सांगता येते.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट, जी कोणताही वकील सांगणार नाही. आई जाते तेव्हा मुलाची अर्धी माहिती तिच्याबरोबर जाते. फिट्सची गोळी किती वाजता, अर्धी की पूर्ण, हे तिच्या बोटांना माहीत असते, कागदाला नसते. मस्कतमध्ये डेपाकिन म्हणून मिळणारे औषध मुंबईत वाल्पारिन म्हणून मिळते. दोन्ही सोडियम व्हॅल्प्रोएटच. मामाला ते कोण सांगणार? तो एकतर दोन्ही देईल, किंवा 'ते ओमानचे औषध संपले' म्हणून एकदम बंद करील. फिट्सचे औषध एकदम बंद केले तर एकामागून एक झटके येतात आणि ते थांबत नाहीत. त्यात माणूस जातो. एखाद्याला भात मऊ कालवून द्यावा लागतो आणि जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. एक मुलगी दात दुखला की कानावर थापडा मारी. आईला कळे, नव्या माणसाने तिला 'वेडाचा झटका' ठरविले असते. कोण पोट साफ न झाल्याने चिडते, कोणाला लिफ्टचे भय, कोण 'टाटा' म्हणते म्हणजे पाणी हवे आहे.

हे सगळे लिहून काढा. शंभर पानी वही घ्या, मराठीत लिहा, पहिल्या पानावर औषधांची रासायनिक नावे आणि डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण कंपन्यांची नावे देशागणिक बदलतात. मागे त्याचा पूर्ण दिवस लिहा, उठल्यापासून निजेपर्यंत. रक्तगट, थायरॉइडचे रिपोर्ट, शेवटचा ईईजी कधी, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आले. चाळिशीनंतर डाउन सिंड्रोमचा मुलगा रस्ता विसरू लागला, कपडे उलटे घालू लागला तर तो हट्ट समजू नका, थायरॉइड आणि स्मरणशक्ती तपासा, हेही लिहून ठेवा. एक प्रत मस्कतला, एक विश्वस्तांकडे, एक ज्याला पालक नेमले त्याच्याकडे. मोबाइलवर त्याच्या बोलण्याचे, खाण्याचे, चालण्याचे चित्रीकरण करून ठेवाल तर आणखी उत्तम. याला एक पैसा लागत नाही, आणि तरीही फ्लॅट असलेल्या किती घरांत ही वही आहे?

शेवटी आपल्या मंडळांना दोन शब्द, तेही रागावूनच. गल्फमधली आपली मराठी मंडळे नाटक आणतात, गायक आणतात, गणपतीत शेकड्यांनी पाने उठतात. उठोत, परदेशात माणसाला ते लागते. पण त्याच सभासद-यादीत वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, डॉक्टर आहेत, बांधकामवाले आहेत, आणि त्याच यादीत अशी मुले असलेली घरेही आहेत. त्या घरांना एका संध्याकाळी एका खोलीत बसवायला काय खर्च येतो? दहा कुटुंबांनी दहा ठिकाणी घेतलेले दहा फ्लॅट उद्या कुलूपबंद पडणार आहेत. त्यांतले सहा भाड्याने दिले, आणि बाकी विकून आलेल्या पैशांतून ठाणे किंवा रायगड जिल्ह्यात एकच आटोपशीर घर उभारले, सगळे एका ट्रस्टखाली, दोन पाळ्यांच्या मावश्या, एक रात्रीचा माणूस, आठवड्याला येणारी परिचारिका, आणि हिशेब तपासायला मुलांचे भाऊ-बहिणी, तर हे जमणार नाही काय? 'घरकुल' आणि 'आधार' ज्यांनी उभारले ते काही तेलाच्या कंपनीतले साहेब नव्हते, नोकरदार आईबापच होते. 'सरकारने करावे' हे आम्हीही म्हणतो, वर म्हटलेच आहे. परंतु सरकार जागे होईपर्यंत तुमचा रक्तदाब थांबणार आहे काय?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जूनमध्ये लागतात. तिकिटे काढताना आठवडाभर जास्तीचा ठेवावा, आणि लग्नाच्या आमंत्रणांआधी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांग प्रमाणपत्राचा वार कोणता ते विचारून घ्यावे. मूळ जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, आधार कार्ड आणि नेमावयाच्या पालकाचे लेखी संमतिपत्र बरोबर असावे. वही कशी लिहावी याचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर लिहावे. आमच्यातल्या दोघी-तिघींनी तो तयार केला आहे आणि टपालखर्चाशिवाय काही घेणार नाही.